बोळातली एक

१

रोज नऊ वाजता साबेला मठाच्या भिंतीतल्या फिरत्या कपाटाची घंटा वाजवायची. आतून कुणीतरी ते लाकडी पिंप फिरवायचं, माणूस दिसायचं नाही, आणि किल्ली तिच्यापुढे येऊन थांबायची. शेजारी बहुतेक वेळा एक बदामाचं बिस्किट. ते तोंडात टाकून ती कमानींच्या ओसरीतून पश्चिमेला जायची आणि बोळाचं कुलूप काढायची. दीड महिना हेच चाललं होतं.

आबेलेदोचा मठ सिस्टर्शियन पंथाच्या साध्वींचा. बाराव्या शतकात ज्याने तो आखला त्याचं डोकं स्वच्छ होतं. उत्तरेला चर्च, दक्षिणेला ऊन पकडणारा चौक, पूर्वेला सभेची खोली आणि तिच्यावर झोपायचं दालन, समोर जेवणघर. कुठे नक्षी नाही, रंगीत काच नाही. जे काही सौंदर्य होतं ते मापात होतं, आणि साबेला मोजणीच्या कामातली असल्यामुळे तिला ते दिसायचं. संतापही तिला त्यातल्याच एका मापाचा यायचा.

एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद, एकतीस मीटर लांब. ओसरी आणि पश्चिमेची इमारत यांच्यामध्ये मुद्दाम सोडलेला बोळ. खिडकी नाही, फक्त छताजवळ तळहाताएवढ्या फटी. हुंडा घेऊन मठात आलेल्या बायका उन्हाच्या ओसरीतून चर्चला जायच्या. हुंड्याशिवाय आलेल्या, म्हणजे गाई दोहणाऱ्या, पीठ मळणाऱ्या, धुणी धुणाऱ्या, त्या बोळातून. बोळाच्या टोकाला नऊ पायऱ्या आणि चर्चच्या मागच्या अंगाला उघडणारं दार. ते दार १९६६ साली विटांनी बुजवलं होतं. एकीची नजर दुसरीवर पडू नये म्हणून आठशे वर्षांपूर्वी दगडाची एक अख्खी जादा भिंत उभी केली, आणि आजवर ज्याने त्याने तिला मठाची शिस्त म्हटलं. साबेलाला ते वाक्य वाचलं की दात आवळावेसे वाटायचे.

त्या मंगळवारी तिने चौथी पायरी पुन्हा मोजली. पायांनी झिजून पायरीच्या मधोमध खळगा पडला होता. तीन नोव्हेंबरला त्याची खोली अठ्ठावीस मिलिमीटर भरली होती. आज एकतीस भरली.

तिने पट्टी पुसली आणि पुन्हा मोजलं. एकतीस. मग तिच्या लक्षात आलं की पायऱ्यांच्या कडांवर पन्नास वर्षांची धूळ बोटभर साचली आहे. मधल्या खळग्यांत मात्र धूळ नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती. तिने ते पाहिलं होतं आणि त्याचा विचार केला नव्हता.

२

"तीन मिलिमीटर? पंधरा दिवसांत?" विलारिन्यो सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मठाच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या कचेरीकडे होतं आणि साबेला त्यांच्या हाताखाली. "आठशे वर्षांत अठ्ठावीस झिजली ना? त्या हिशोबाने तुझ्या पंधरवड्यात पंच्याऐंशी वर्षं होऊन गेली. मला अजून पेन्शन कशी लागली नाही?"

"सर, मी दोनदा मोजलं."

"मग दोनदा चुकलीस. बिस्किटावर मोजणी करतेस आणि दोष दगडाला."

त्यांनी तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला. तो आधीच भरलेला होता. *बोळ: सेवेची जागा. ऐतिहासिक मूल्य: नगण्य. सध्याचा वापर: नाही.* खाली मोजणी करणाऱ्याच्या सहीची जागा तेवढी रिकामी. पश्चिमेच्या इमारतीत पाहुण्यांसाठी खोल्या निघणार होत्या आणि लिफ्ट बरोब्बर बोळाच्या टोकाला, पायऱ्या काढून, बसणार होती.

"नगण्य कुणी ठरवलं?"

"चाळीस वर्षांच्या अनुभवाने."

"चाळीस वर्षांत त्या पायऱ्या एकदा तरी चढलात?"

"माझे गुडघे बघ आणि मग बोल." सर हसले. ते नेहमी असेच हसायचे, लहान मुलीने फ्रॉक उलटा घातलेला बघून हसावं तसे. "अगं, पाच म्हाताऱ्या राहिल्यात तिथे. पाहुणे आले नाहीत तर दोन वर्षांत मठाला कुलूप लागेल. मग तुझा तो बोळ कुणासाठी जपायचा? शुक्रवारी सही कर. नाहीतर दुसरं काम बघ, मी वाईट वाटून घेणार नाही."

साबेलाने कागदाची घडी केली, मुद्दाम वाकडी.

३

बुधवारी ती प्लास्टरची पिशवी घेऊनच आली. मापावर विश्वास नाही ना, मग खळग्याचा साचाच काढू, सरांच्या टेबलावर नेऊन ठेवू. पाणी हवं होतं म्हणून ती बादली घेऊन स्वयंपाकघरात शिरली.

सिस्टर ओब्दुलिया परातीत पीठ मळत होती. वय ब्याऐंशी, पायात लाकडी बूट, डोक्यावरचा रुमाल सदा एका कानाच्या मागे.

"ये मोजणीवाली! वाढला का आमचा बोळ?"

"झिजतोय, सिस्टर. तिकडून कुणी जातं का हो?"

"आता कोण जाणार? मी सतराव्या वर्षी आले तेव्हा आम्ही बावीस जणी होतो. पायरीशी बूट काढायचे आणि लोकरीच्या मोज्यांवर चढायचं. आवाज झाला की आतल्या बाया म्हणे प्रार्थना चुकायच्या." ती खुसखुसली. "देवाचं लक्ष आमच्याकडे जाऊ नये, दुसरं काय!"

साबेला पीठ कालवावं तसं प्लास्टर पाण्यात ढवळू लागली. ओब्दुलिया बोलतच होती. आतली कुणी वारली की तिचं नाव मठाच्या पुस्तकात चढायचं, दर वर्षी त्या तारखेला मोठ्याने वाचलं जायचं. तीस दिवस तिचं ताट जेवणघरात मांडायचे आणि ते अन्न गरिबाला द्यायचे. बोळातली वारली की ताट नाही. पुस्तकात एवढंच: *बोळातली एक.*

"एक काय एक? मेंढ्या होता का तुम्ही?"

"मेंढीला नाव असतं गं. आमच्या मेंढीचं लुसेरा होतं."

साबेलाचा हात ढवळता ढवळता थांबला. तिला हसू आलं नाही.

"मग रोमहून हुकूम आला, सगळ्या सारख्या," ओब्दुलिया म्हणाली. "आम्हाला ओसरीतून जायला सांगितलं आणि ते दार बुजवलं. झालो आम्ही बरोबरीच्या. पण ज्या आधीच गेल्या होत्या त्यांना कुणी कळवलं असेल का, सांग बरं?" तिने पिठाचा गोळा उलटा आपटला. "मला येतात सगळ्यांची नावं. पीठ मळताना म्हणायचो आम्ही, जपमाळेसारखी, एकीमागून एक. मला सिस्टर तोमासाने शिकवली, तिला तिच्या आधीच्या सिस्टरने. तीनशेच्या वर असतील. माझ्यानंतर कुणाला येत नाहीत. लिहून घेतेस? माझा हात थरथरतो."

"घेते ना. वेळ काढून एकदा—"

"आत्ताच घे, तोंडात आहेत तोवर. तोमासा. मग एर्मेलिंदा, ती तोतरी, पण गायची काय सुरेख! मग..."

तिसरं नाव ओब्दुलियाने घेतलं. साबेला तेव्हा बादलीत पाहत होती. प्लास्टर काठीला जड लागायला सुरुवात झाली होती.

"सिस्टर, उद्या. शप्पथ उद्या. हे दगड होईल माझं आत्ता."

"उद्या तर उद्या," म्हातारी म्हणाली. "पण माझं नाव तेवढं त्यांना लिहायला सांग हो. तुझं ऐकतील, तू चिडतेस चांगली."

४

साबेलाने चौथ्या पायरीचा खळगा काठोकाठ भरला, पोलादी पट्टीने वरून सपाट केला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बाराची घंटा झाली होती. गावात जाऊन तिने सूप प्यायलं, ब्रेड खाल्ला. तीनच्या घंटेला ती परत आली.

प्लास्टर वाळून टणक झालं होतं. त्याच्या मधोमध खळगा होता.

ती उकिडवी बसली. ओल्या प्लास्टरवर कुणाचा पाय पडला असता तर ठसा उमटला असता, कडा वर आल्या असत्या. इथे ठसा नव्हता. इथे झीज होती. साबणाची वडी वापरून वापरून मधे पातळ होते तशी, गुळगुळीत, बोट लावलं तर गार. सहा मिलिमीटर. ओलं असताना नाही, वाळल्यावर. म्हणजे गेल्या दोन तासांत.

पिशवी जुनी असेल, तिने स्वतःला सांगितलं. खराब प्लास्टर वाळताना आकसतं. आकसतं तर कडेपासून सुटतं, मधे खचत नाही, हेही तिनेच स्वतःला सांगितलं. मांजर असेल. मांजर मोज्यांवर चालत नाही. हे वाक्य डोक्यात आलं आणि मग ते काही केल्या जाईना.

कारण पाचव्या पायरीवर पांढरी भुकटी लागली होती. सहाव्या, सातव्यावरही. लांबट, बोटांशिवायचे पांढरट डाग, एकावर एक इतके की मोजता येऊ नयेत. नवव्या पायरीवर ते सगळे बुजवलेल्या दाराशी जाऊन थांबत होते. सगळे वर जाणारे. परत येणारा एकही नव्हता.

वरच्या फटीतून ऊन येत होतं. चौकात कुणीतरी कोरडी पानं झाडत होतं. साबेला पायऱ्यांकडे पाठ न करता एकतीस मीटर मागे चालत आली.

५

गुरुवारी फिरतं कपाट बराच वेळ फिरलंच नाही. मग किल्ली आली. बिस्किट नव्हतं.

ओब्दुलिया पहाटे गेली होती, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसल्या बसल्या, परातीतलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून.

मदर बेनिग्ना सभेच्या खोलीत होत्या. मठाच्या प्रमुख, शहात्तर वर्षांच्या, शिडशिडीत, आवाज न चढवणाऱ्या. समोर ते जाड पुस्तक आणि दौत.

"पुस्तकात काय लिहिणार आहात?" साबेलाने दारातूनच विचारलं.

"आधी आत ये. जे लिहितात तेच."

"बोळातली एक?"

"ती बोळातून आलेली होती."

"भेद मिटून पन्नास वर्षं झाली, मदर! तुमच्या जेवणाची भाकरी रोज तिने मळली. तुम्हाला तिचं नाव लिहायला शाई पुरत नाही? सहासष्टनंतर किती गेल्या अशा?"

"सात."

"सातही 'एक'?"

"त्यांनी कधी मागितलं नाही."

"मेलेली माणसं येऊन मागणार का आता?"

मदरची नजर पश्चिमेच्या भिंतीकडे गेली आणि तिथून सावकाश परत आली. "पोरी, माझ्या आधीच्या मदरनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. एकीचं लिहिलं की थांबता येत नाही."

हेच ते, साबेलाला वाटलं. सरांचं तेच, हिचं तेच. एकीला न्याय दिला तर सगळ्याच मागतील, म्हणून कुणालाच नको. म्हाताऱ्यांचं हे शहाणपण ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"मग थांबू नका!" ती ओरडली. मठात कुणी ओरडत नाही. कमानींतून तो आवाज परत आला तेव्हा तिलाच तो परका वाटला. "ओब्दुलियाचं नाव लिहा, नाहीतर मी त्या कागदावर सही करणार नाही. मग लिफ्ट नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. नाव वाचलंत तर उद्या सही करते."

मदर तिच्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि साबेलाला त्याचाच जास्त राग आला. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला.

६

शुक्रवारी दहा वाजता दफन झालं. नंतर सगळ्या चर्चमध्ये आल्या, मदर आणि उरलेल्या तिघी. साबेला शेवटच्या बाकाशी उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला, चुन्याखाली पुसट दिसणारी, बोळातल्या त्या बुजवलेल्या दाराची चौकट होती.

मदरनी पुस्तक उघडलं. "ओब्दुलिया," त्यांनी वाचलं. "आमची बहीण."

नावानंतर एक प्रार्थना मनात म्हणण्याइतकं थांबायचं, अशी रीत होती. सगळ्या थांबल्या.

भिंतीपलीकडे लोकर दगडावर घासली.

आवाज इतका हलका होता की पोळपाटावरचं पीठ कुणी हाताने पुसून घेतलं असं वाटावं. खालच्या पायरीवर. मग वरच्या. साबेलाने मोजलं, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. नऊ. मग चौकटीशी एक खोल श्वास, ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतं तसा, आणि पुढे काही नाही.

संपलं. तिचे डोळे भरून आले. झालं की नाही शेवटी? एवढंच तर हवं होतं तिला.

मग लोकर पुन्हा घासली. खालच्या पायरीवर. नऊ. चौकटीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. श्वास सुटला नाही. त्याच्या मागे आणखी नऊ. त्याच्या मागे आणखी. घाई नव्हती, धक्काबुक्की नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या रांगेत शेवटी उभं राहायची सवय असलेल्या बायकांची ती रांग होती. विटांच्या सांध्यातून भुग्याची बारीक धार फरशीवर सांडू लागली.

तिघी म्हाताऱ्यांनी पुस्तकांतून डोळे वर केले नाहीत. मदरनी पान उलटलं. त्यावर, साबेलाला इतक्या लांबून न दिसताही माहीत होतं, तारखा होत्या आणि एकाच हाताने लिहिल्यासारख्या ओळी: बोळातली एक. बोळातली एक. बोळातली एक. त्यांनी मान वर करून थेट साबेलाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर प्रश्न होता आणि तो विचारायची गरज नव्हती.

"तोमासा," साबेला म्हणाली.

चौकटीशी एक श्वास सुटला.

"एर्मेलिंदा."

दुसरा सुटला. जरासा अडखळत.

आणि रांग एक पायरी पुढे सरकली, आणि थांबली, आणि तिसरं नाव साबेलाला आठवेना. तिने डोळे मिटले. परात दिसली, कानामागचा रुमाल दिसला, म्हातारीचे ओठ हललेले दिसले. पण तिला ऐकू येत होता फक्त बादलीतल्या काठीचा आवाज.

७

विलारिन्यो सर ओसरीत गाडीची चावी बोटाभोवती फिरवत उभे होते. "झालं का रडणं? चला, सही. मला जेवायच्या आत घरी पोचायचंय."

"आधी बोळ बघा."

"गुडघे, साबेला."

"पायऱ्या चढू नका. दारात उभे राहा."

तिने कुलूप काढलं. भर दुपार होती, फटींतून उन्हाच्या पट्ट्या उतरल्या होत्या. चौथ्या पायरीवर प्लास्टरचा कणही उरला नव्हता, खळगा इतका खोल झाला होता की तो मोजायला पट्टीची गरज नव्हती. आणि वर, बुजवलेल्या दारावर, छातीच्या उंचीला, विटांमध्ये बशीसारखे खळगे पडले होते. हात टेकून टेकून पडतात तसे. त्यातली एक वीट पार झिजली होती. तिच्यातून पलीकडच्या चर्चमधल्या मेणबत्तीचा ठिपका दिसत होता.

"अरेच्चा," सर म्हणाले. "भोक पडलंय की."

तो ठिपका विझला. मग दिसला. मग पुन्हा विझला. खालपासून वरपर्यंत पायऱ्या रिकाम्या होत्या, उन्हात स्वच्छ दिसत होत्या, आणि त्या ठिपक्यापुढून कुणीतरी या पायावरचा भार त्या पायावर घेत होतं.

"वारा," सर म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "वारा आहे." मग त्यांनी कागद आणि पेन घाईघाईने पुढे केलं. "कर सही. लवकर कर."

साबेलाने कागद भिंतीला टेकवला. शब्द दिला होता, तिने सही केली. मग सहीच्या वरच्या ओळीतलं, 'सध्याचा वापर' यापुढचं 'नाही' खोडलं, कागद फाटेल इतक्या जोराने, आणि लिहिलं: *रोज.*

"हा काय फाजीलपणा?" सरांचा आवाज चढला, कदाचित त्यांना तो चढवायचाच होता. "हे पुढे कचेरीत जाणार आहे. वापर आहे म्हणतेस तर विचारतील ना मला, कोण वापरतं? नावं लागतात तिथे. सांग, कोण? नावं सांग!"

साबेलाने तोंड उघडलं.

मागे बोळात लोकरीची सगळी घासाघीस एकदम थांबली. पायऱ्यांवरून, एकतीस मीटर अंधुक उजेडातून, थेट तिच्या पाठीपर्यंत. त्याही ऐकत होत्या.